माणगावचे उपकार

नाताळची सुट्टी संपवून कुटुंबाला एकदम कामाला जुंपणे प्रकृतीस बरे नव्हे. दिवेआगरच्या वाळूत लोळलेला गृहस्थ दुसऱ्या सकाळी थेट साहेबांसमोर उभा राहिला, तर धक्का दोघांनाही बसतो. हे ओळखूनच मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण 2011 साली हाती घेण्यात आले आणि दशक उलटले तरी ते घाईने उरकले गेले नाही. या दूरदृष्टीचे कौतुक व्हावे तितके थोडेच.

माणगावच्या बाजारपेठेत गाडी रुतली, की नित्यक्रम आपसूक अंगवळणी पडू लागतो. बाबा फोनवर "पोचतोच आहे, सर" म्हणतात. म्हणजे कार्यालयीन सत्यकथन सुरू झाले. आई डब्यातला शेवटचा घावन चौघांत वाटते, म्हणजे महिनाअखेरचा सराव झाला. चिरंजीव मागच्या सीटवर 'मी नाताळची सुट्टी कशी घालवली' हा निबंध लिहायला घेतात. विषय खिडकीबाहेरच उभा असतो, हॉर्न वाजवत.

आता शासनाने एवढ्यावर थांबू नये. इंदापूर ते कोलाड या पट्ट्यात हजेरीची यंत्रे बसवावीत, कोलाडला शाळेचा परिपाठ घ्यावा आणि पालकसभा दुभाजकावर भरवावी. कोरम हमखास होईल. उठून जाणार कुठे?

वडखळ येईतो प्रजासत्ताक दिनाची सुट्टी जवळ आलीच, तर कुटुंबाने मुंबईचा हट्ट धरू नये. तिथेच गाडी वळवावी. कोकणात जाणारी रांग पलीकडच्या बाजूला लागलेलीच असते.