हवा फुकट, ऑइल विकत

"मॅडम, पिकअप बघा." चार वर्षांपूर्वी शोरूममधल्या त्या तरुणाने अर्ध्या तासात हे मला सहा वेळा ऐकवलं. टेस्ट ड्राइव्हला मोकळा रस्ता निवडला, दुसऱ्या गिअरमध्ये दाबायला लावली, आणि माझी पाठ सीटला टेकली तेव्हा त्याने वळून मागे बसलेल्या माझ्या नवऱ्याकडे बघितलं. नवरा गाडी चालवत नाही. तरी किंमत, हप्ता, वॉरंटी सगळं त्यालाच सांगून झालं. मी विचारलं, "यात ऑइल कुठलं पडतं? कितीला बदलायचं?" तरुण अडखळला. "ते सर्व्हिसला बघतात, मॅडम."

त्या गाडीने आता ८० हजार ओलांडलेत. वारजे ते चाकण, आठवड्याचे पाच दिवस, जाऊन-येऊन सत्तरेक किलोमीटर. तीन सिलिंडर, एक लिटरला दोन घोट कमी, टर्बो पेट्रोल, हाताने गिअर टाकायची. गाडी मला मनापासून आवडते. म्हणूनच "सर्व्हिसला बघतात" या वाक्याचा राग आजही उतरलेला नाही. टर्बो विकतात पिकअपवर. तो जगतो ऑइलवर आणि चालवणाऱ्याच्या पायावर. या दोन गोष्टी सांगायला काउंटरपलीकडे कोणीच बसलेलं नसतं.

*

टर्बो म्हणजे काय ते दोन वाक्यांत सांगता येतं. सायलेन्सरमधून वाया जाणारा तापलेला धूर एका चक्रीवर सोडायचा, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक चक्री बसवायची, ती बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. जास्त हवा, तेवढं जास्त पेट्रोल, तेवढा जास्त जोर. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने १९०५ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं.

हवा फुकटच आहे. पण तो दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. पेट्रोल इंजिनात जोर लावला की त्याच्या एका टोकाला नऊशे अंशांच्या आसपास जाळ असतो. आणि या सगळ्यात त्याला अधांतरी तोलून धरते ती ऑइलची पातळ साय. साय फाटली की धातूला धातू लागला.

विकणाऱ्यांनी यातून शिकायला हवं होतं, कारण धडा जुना आहे. १९६२ मध्ये अमेरिकेत ओल्डस्मोबिल जेटफायर ही टर्बो गाडी आली. इंजिन ठोकू नये म्हणून तिला पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण लागायचं, त्याची वेगळी टाकी मालकाने भरत राहायची. अनेक मालक विसरले. शेवटी कंपनीने टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून देण्याची तयारी दाखवली. जोर विकला, निगा शिकवली नाही. साठ वर्षांनी आपल्याकडे टाकी गेली, बाकी तेच चाललंय.

*

आता एवढे टर्बो आले कुठून? हौसेपोटी आले असं समजू नका. २००६ च्या अर्थसंकल्पाने छोट्या गाडीची व्याख्या केली: लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत. कर बदलले, जीएसटी आला, रेषा तीच राहिली. सप्टेंबर २०२५ पासून या रेषेच्या आत १८ टक्के आणि बाहेर ४० टक्के जीएसटी. मग कंपन्या काय करणार? सीसी वाढवता येत नाही, म्हणून हवा वाढवली.

चाकणलाच बनणारी स्कोडा कायलॅक घ्या. ९९९ सीसी, ११५ पीएस. कायद्याच्या लेखी ती छोटी गाडी. इतका जोर थोड्याच वर्षांपूर्वी दीड-पावणेदोन लिटरच्या सेडानला असायचा. माझी तक्रार जोराबद्दल नाही. पंधरा वर्षं साधी हॅचबॅक चालवलेल्या माणसाच्या हातात आपण असं इंजिन देतो आणि सोबत कागद देतो तो फक्त हप्त्यांचा, ही माझी तक्रार आहे.

दुसरं कारण डिझेल. एप्रिल २०२० मध्ये बीएस-सिक्स आलं, मारुतीने डिझेल बंद केलं, आणि ओढीची सवय लागलेली मंडळी टर्बो पेट्रोलकडे वळली. सोबत डिझेलचा पाय घेऊन आली. डिझेलवाल्याला वरच्या गिअरची घाई असते. बाराशे आरपीएमवर चौथा टाकायचा आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबून गाडी उचलायची. डिझेल ते निमूट सोसतं. छोटं, थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणारं टर्बो इंजिन सोसत नाही. कमी फेऱ्यांवर जास्त ओझं पडलं की ठिणगीची वेळ यायच्या आधीच मिश्रण पेटू शकतं. याला लो-स्पीड प्री-इग्निशन म्हणतात, आणि एका तडाख्यात पिस्टन फुटल्याची उदाहरणं आहेत. ऑइलच्या रसायनाचाही यात हात असतो. म्हणून २०२० मध्ये एपीआय या अमेरिकी पेट्रोलियम संस्थेचा एसपी हा ऑइलचा दर्जा आला, त्यात या दोषाची चाचणी आहे. डब्यावर ती दोन अक्षरं शोधा. ऑइलच्या जाहिरातीतला हिरो त्याबद्दल बोलणार नाही.

*

अ‍ॅव्हरेज सगळेच विचारतात, म्हणून सांगून टाकते. चाकणच्या तळेगाव चौकात संध्याकाळी सहाला अडकले की दहा-अकरा. साताऱ्याच्या रस्त्याला ऐंशी-नव्वदने निवांत गेले की अठरा. एकच गाडी, एकच पाय.

कागदावरचा आकडा या दोन्हींच्या वर आहे. तो ज्या एआरएआयच्या नावाने छापतात ती संस्था कोथरूडच्या वरच्या अंगाला, वेताळ टेकडीवर आहे. चाचणी रोलरवर होते, ठरलेल्या संथ चढउतारांनी, नव्वदच्या पुढे न जाता. इतक्या हलक्या पायाखाली टर्बोला फारसं काम पडत नाही, इंजिन एक लिटरचंच राहतं आणि एक लिटरएवढंच पितं. फ्रॉन्क्समध्ये मारुती १.२ लिटरचं साधं आणि एक लिटरचं टर्बो अशी दोन्ही इंजिनं देते. साध्याचा ११३ न्यूटन-मीटर जोर ४४०० आरपीएमला येतो, टर्बोचा १४७.६ न्यूटन-मीटर २००० लाच. टेकडीवर दोघांच्या अ‍ॅव्हरेजमध्ये नावाला फरक. टेकडीखाली, ज्याने तो वाढीव जोर रोज वापरला, त्याच्या पंपावरच्या बिलात तो फरक वाचता येतो. हवा फुकट असली तरी तिच्या जोडीला जाणारं पेट्रोल फुकट नाही.

त्यात आता ई-ट्वेंटी, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा जवळपास एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. उसाच्या पट्ट्यात नातीगोती असलेली मी, इथेनॉलला माझा विरोध नाही. ऑक्टेन वाढतो, टर्बोला तो मानवतोही. पण लिटरमध्ये ऊर्जा कमी देता, तर लिटरचा भावही तसा लावा. आणि कमी इथेनॉलच्या पेट्रोलचा दुसरा नोझल ठेवा.

*

तरी ही गाडी मी का बदलत नाही, तेही सांगते.

माझं माहेर वाईचं. सुरूर फाट्याला हायवे सोडला की उसाच्या दिवसांत पुढे ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर, मागे दिवा नाही. ताशी वीस. समोरून वाहनं, मध्ये जेमतेम दोनशे मीटरची मोकळीक. पूर्वीची साध्या इंजिनाची गाडी मी त्या मोकळिकीत बाहेर काढलीच नसती. या गाडीत दुसरा टाकून सुई दोन हजारांवर आणून ठेवते, मग बाहेर काढते. एक क्षण काहीच होत नाही. तो क्षण मोजायला शिकावं लागतं. मग मागून कोणी हात लावल्यासारखी गाडी उचलते, आणि मी आपल्या बाजूला परतते तेव्हा समोरचा अजून लांब असतो.

तो न होणारा क्षण शोरूममध्ये सांगत नाहीत. चक्रीला वेग यायला धूर लागतो, धूर यायला वेळ लागतो. पंधराशेच्या खाली माझी गाडी म्हणजे एक लिटरची साधी गाडी, साध्याहून जराशी मंदच. स्पीड ब्रेकरवरून तिसऱ्यात उतरलात आणि मागचा डंपर हॉर्न देतोय, तर ती घुटमळणार. तिला शिव्या देऊ नका, दुसरा टाका. नव्या टर्बोवाल्याने पहिल्या महिन्यात ओव्हरटेक करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी तो क्षण पायात भिनू द्या.

आणि पसरणीचा घाट. समुद्रसपाटीपासून हजार मीटर चढलं की साध्या इंजिनाचा ढोबळमानाने दहावा हिस्सा जोर हवेच्या विरळपणात जातो. टर्बो ती तूट बरीचशी भरून काढतो. पाच माणसं, एसी चालू, मागे आईने भरून दिलेली तांदळाची गोणी, आणि पाचगणीपर्यंत गाडी एकदाही रडत नाही. तिथे मला ब्यूखीचे आभार मानावेसे वाटतात.

*

आता भोसरीची गोष्ट. माझं वॉरंटीनंतरचं काम बघणाऱ्या गॅरेजमध्ये गेल्या पावसाळ्यात एक उघडलेला टर्बो टेबलावर पडला होता. गाडी दुसऱ्या कोणाची, ५५ हजार झालेली.

"ताई, इकडे या. हे हलवून बघा," दादा म्हणाले.

चक्री माझ्या मनगटावरच्या घड्याळाच्या तबकडीएवढी. बोटाने ढकलली तर दांडा कडकड वाजत इकडून तिकडे हलला. मग त्यांनी ऑइल आत नेणारी नळी दाखवली. काडी जाईल एवढं तिचं भोक, आणि आत तव्याला करपून बसलेल्या पिठल्यासारखा काळा थर.

"ऑइल बदललं नव्हतं का, दादा?"

"बदललं होतं की. पण वीस हजाराला एकदा. आणि मध्ये कमी झालं तर हे ओतलं." त्यांनी त्या गाडीच्या डिकीतून निघालेला डबा वर धरला. २०डब्ल्यू-५०, जुन्या गाड्यांचं जाडं ऑइल. "घाटातून आला, गाडी लावली, किल्ली फिरवली, बंद. रोज. आतलं ऑइल तिथल्या तिथे जळतंय हे त्याला कोणी सांगितलंच नाही."

बिल पाऊण लाखाच्या घरात गेलं. त्या माणसाला मी ओळखत नाही, पण त्याच्या बाजूने मला बोलायचंय. त्याने निष्काळजीपणा केला असं म्हणणं सोपं आहे. त्याने फक्त पूर्वीच्या गाडीसारखी ही गाडी वापरली. वेगळी वापरायची असते, हे सांगण्याचं काम ज्यांचं होतं त्यांनी पिकअप दाखवला.

माझाही अनुभव सांगते. तिसऱ्या सर्व्हिसला मी वर्कशॉपमध्ये म्हटलं, ऑइलचा डबा माझ्यासमोर फोडा. सुपरवायझर म्हणाले, ऑइल पिंपातून येतं, मॅडम, एवढं कोणी बघत नाही. पिंपावर लेबल नव्हतं. बिलावर मात्र ग्रेड व्यवस्थित छापलेली. मी गाडी तशीच बाहेर काढली. तेव्हापासून मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचा सीलबंद डबा स्वतः विकत घेते आणि कंपनीने सांगितलेल्या अंतराच्या निम्म्यावर बदलते. चाकणच्या ट्रॅफिकमधले दहा हजार किलोमीटर म्हणजे इंजिनाच्या हिशेबाने कितीतरी जास्त, कारण मीटर थांबतो तेव्हा इंजिन थांबत नाही. महिन्यातून दोनदा सकाळी, गाडी थंड असताना, पट्टी ओढून पातळी बघते. पुसलेलं फडकं ठेवून देते, रंगावरून कळतं. तीन वर्षं झाली, थेंबही कमी पडलेला नाही.

एवढं एका पानावर मावतं. डिलिव्हरीच्या दिवशी गाडीला हार घालतात, पेढे देतात, फोटो काढतात. त्या पेढ्यांच्या खोक्यावर हे पान चिकटवायला काय हरकत आहे? ऑइलची ग्रेड. सुरू केल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं दामटू नका. सुई पंधराशेच्या खाली असताना वरच्या गिअरमध्ये दाबू नका. घाटातून किंवा एक्सप्रेस वेवरून आलात तर शेवटचा किलोमीटर हळू चालवा, थांबल्यावर अर्धा-एक मिनिट इंजिन चालू ठेवा. आपले जुने ट्रकवाले हे शेवटचं शाळेत न जाता जाणतात.

*

सोसायटीतल्या एका मुलाने मागच्या महिन्यात तशीच गाडी घेतली. आठ दिवसांत विचारायला आला, "काकू, रिमॅप करून घेऊ का? वीस-पंचवीस पीएस वाढतात." मी त्याला पार्किंगमध्ये नेलं, बोनेट उघडायला लावलं, म्हटलं, ऑइलची पट्टी कुठेय दाखव. त्याला सापडेना. मी दाखवली नाही. त्याने मॅन्युअल काढलं, अजून प्लॅस्टिकमध्ये होतं, तिथेच उकिडवा बसून वाचायला लागला.

मी नुकतीच चाकणहून आले होते. माझ्या गाडीचं इंजिन बंद होतं आणि पंखा पुढे घरघरत होता. वॉचमनकाकांनी लांबून हाक मारली, "मॅडम, गाडी चालू राहिली तुमची!"

मुलाने मॅन्युअलमधून मान वर केली. "नाही काका," तो म्हणाला, "ती थंड होतेय."