४३३ लिटर फणस

क्रेटा गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे पोटापासून जमिनीपर्यंतचं अंतर, १९० मिलिमीटर. एलिव्हेटचा २२०, ग्रँड विटाराचा २१०, कुशाकचा १८८. झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. घरात मला उठवतात ते पाणी आलंय म्हणून, क्लिअरन्स कुणी विचारत नाही, ही गोष्ट वेगळी. म्हणून मग मी तो ऑफिसात सांगतो, न्हाव्याला सांगतो, परवा एका बारशात पाळण्याची दोरी ओढता ओढतासुद्धा सांगितला.

एवढी उंच नवी गाडी कशाला, असं कुणी विचारलं की मी देवरुखजवळची आमची वाट पुढे करतो. मधोमध जांभ्याचा उंचवटा, गाडीचं पोट घासतं वगैरे. खोटं नाही, पण तिथे वर्षातून दोनदा जातो. खरं सांगायचं तर सिग्नलला शेजारच्या गाडीच्या टपावरची धूळ मला वरून बघायची आहे. माझ्या टपावरची लोकांनी बारा वर्षं बघितली.

या गाड्या मिडसाइज, म्हणजे मध्यम चणीच्या, अशी माझी समजूत होती. आईची शिवणाची टेप घेऊन पार्किंगमधल्या दोन खांबांमधली जागा मोजायला ओणवा झालो तेव्हा ती गेली. पत्रकातली रुंदी आरसे सोडून असते, म्हणजे माणसाचं माप कान सोडून घ्यावं तसं. वॉचमन बराच वेळ बघत होता. शेवटी म्हणाला, “साहेब, खांबाला पँट शिवताय का?”

पण माझा खरा जीव अडकलाय तो डिकीत. डिकी लिटरमध्ये का मोजतात? दूध न्यायचंय का तिच्यातून? जर्मनांची एक पद्धत मला सापडली: २०० बाय १०० बाय ५० मिलिमीटरचा ठोकळा म्हणजे बरोबर एक लिटर. असे किती ठोकळे मावतात ते मोजायचं. म्हणजे कुठेतरी एक शिकलासवरलेला माणूस पगार घेऊन डिकीत ठोकळे रचतोय. त्याला मे महिन्याच्या शेवटी आमच्या अंगणात आणून उभा करावा. क्रेटात ४३३ लिटर, एलिव्हेटमध्ये ४५८. ठीक आहे, पण फणस किती? कापा असो की बरका, फणसाला एकही सपाट बाजू नसते. त्याच्यावर काही ठेवता येत नाही आणि दोन फणस शेजारी ठेवले तर जमिनीच्या वादातले भाऊ असावेत तसे मधे अंतर राखून बसतात. ते अंतर आई आमसुलं, कुळथाचं पीठ आणि नारळ घालून बुजवते. तिच्या हाती दिलीत तर ४३३ लिटरांची डिकी ५०० ची होते, माझ्या हाती २०० ची. ग्रँड विटाराच्या हायब्रिडचा प्रमाणित आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर, पण तिची बॅटरी डिकीच्या तळाशी ठाण मांडून बसलेली. पेट्रोल वाचवायचं तर फणस मांडीवर.

टेस्ट ड्राइव्हला आईला नेलं ते गाड्यांची तुलना करायच्या माझ्या शीटमधला ‘मागच्या सीटचा आराम’ हा रकाना भरायला. परत आल्यावर मी दार उघडायला वळलो, तर ती आधीच बाहेर उभी राहून पदर सारखा करत होती.

एरवी गावी पोचलो की आई गाडीत रेंगाळते. “तुम्ही व्हा पुढे, मी पिशव्या बघते.” मी दर वेळी खेकसायचो, कसल्या पिशव्या, पिशव्या तर डिकीत! आमच्या जुन्या गाडीची सीट खोल. तिच्यातून उठताना आईला दोन्ही हात टेकून, दाराला धरून, दोन-तीनदा जोर करावा लागत असणार. ते कुणाला दिसू नये म्हणून पिशव्या. आणि मी खेकसायचो.

माझ्या शीटमध्ये एकवीस रकाने आहेत. सीट जमिनीपासून किती वर, हा नाही. शोरूममधून आणलेल्या चारही पत्रकांत शोधला, तिथेही नाही.

रात्री तीच टेप घेऊन आईच्या खुर्चीसमोर बसलो आणि तिच्या गुडघ्यापासून लादीपर्यंत लावली.

“काय रे, मोजे शिवतोयस?”

“गाडी बघतोय.”

“मग उलटी का धरलीयस?” असं म्हणून तिने टेप माझ्या हातातून काढून घेतली.