गॅरेजमधले मास्तर

सिअॅटलच्या आसपास सॉफ्टवेअरच्या नोकऱ्या करणाऱ्या मराठी मंडळींत एखादे तरी मास्तर असतातच. आठवडाभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका काढायच्या आणि शनिवारी गॅरेजमध्ये बिअर शिजवायची. मास्तर बिअर पिण्यासाठी करतात, असा कोणी समज करून घेऊ नये. ते ती सुधारण्यासाठी करतात. पिणे हे काम पाहुण्यांचे.

घरी बिअर करण्याची मुभा अमेरिकेच्या केंद्र सरकारने १९७८ च्या कायद्याने दिली. विकायची नाही, आणि दोन सज्ञान माणसांच्या घराला वर्षाला २०० गॅलनची मर्यादा. वहिनी थेंबाला शिवत नाहीत, पण त्यांच्या वाटचे १०० गॅलन मास्तरांनी केव्हाच आपल्या खाती जमा केलेत. “वॉशिंग्टन राज्यात नवराबायकोची मिळकत सामाईक असते,” हा त्यांचा खुलासा.

साधी पेल एल त्यांना पोरखेळ वाटते. त्यांना हवी असते स्ट्राँग पेल एल, कारण तिच्यात हॉप्सच्या फुलांनी येणाऱ्या कडवटपणाचा तिढा आहे. तो समजावायला गॅरेजच्या भिंतीवर व्हाइटबोर्ड आहे. गाडी बाहेर पावसात.

“हे बघ. ग्रॅव्हिटी, म्हणजे काढ्याची घनता, १.०५० असेल, तर तासभर उकळलेल्या हॉप्समधलं २३ टक्के अल्फा ॲसिड कडवटपणाच्या कामी येतं. १.०७० केलीस की १९ टक्के! म्हणजे मॉल्ट वाढवला, गोडी वाढली, ती मारायला कडवटपणा हवा जास्त आणि मिळतो कमी. दोन्हीकडून मार!” हे कडवटपणा काढायचे टिन्सेथचे सूत्र. टिन्सेथचे नाव घेताना मास्तरांचा आवाज आपोआप खाली येतो.

मग बेरीज-वजाबाकी. १३ टक्के अल्फावाले २८ ग्रॅम हॉप्स १.०७० च्या १९ लिटरला घातले की ३७ आय.बी.यू., म्हणजे कडवटपणाची एकके. हवेत ६०. म्हणजे सुमारे ४५ ग्रॅम. पण पाकीट मागच्या हिवाळ्यात फोडलेले, अल्फा उतरला असणार, म्हणून थोडे जास्त. पण आच बंद केल्यावरही गरम काढ्यात कडवटपणा चढतच राहतो, म्हणून थोडे कमी. रात्री एकच्या सुमाराला वहिनी दारात येऊन म्हणतात, “अहो, कारल्याच्या भाजीत मी गूळ घालते तो काय तोलून घालते?” मास्तर उत्तर देत नाहीत. वहिनींची भाजी दर वेळी छान होते, हे त्यांना मनातून खुपते.

खरा कडवटपणा प्रयोगशाळेतल्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर मोजतात; सूत्राने येतो तो अंदाज. हे मास्तरांना पक्के ठाऊक आहे, फक्त पाहुण्यांसमोर नसते.

सर्वांत मोठी पंचाईत गणपतीत. डोंगरापलीकडच्या याकिमा खोऱ्यात हॉप्सची तोडणी ऑगस्ट-सप्टेंबरात, आणि नेमका तेव्हाच गणपती. ताजे हॉप्स मास्तरांसाठी थांबत नाहीत, गणपतीही थांबत नाही. गणपती घरात असेपर्यंत बिअरचे पिंप घरात नको, असे एकदा वहिनींनी बजावले. मास्तरांनी घराच्या विक्रीचे कागद काढून दाखवले: गॅरेजचे क्षेत्रफळ घराच्या क्षेत्रफळात धरलेलेच नाही! दीड दिवस आरतीच्या मधल्या शांततेत भिंतीपलीकडून पिंपावरच्या एअरलॉकची डुबुक डुबुक ऐकू येत होती. प्रत्येक डुबुकसरशी वहिनी मास्तरांकडे बघत, आणि मास्तर मूर्तीकडे.

पण बाटल्या भरल्या की बिअर संपली, असे नाही. फार कडू झाली तर काही महिने ठेवून द्यायची, कडवटपणा काळाने उतरतो. नाहीतर कमी हॉप्सची दुसरी बिअर करून तिच्यात मिसळायची. म्हणजे एक बिघडलेले पिंप सुधारायला आणखी एक पिंप. फिकी झाली तर मास्तरांच्या खिशात जिप्समची डबी असते. सल्फेटने कडवटपणा धारदार लागतो. विचारायच्या आत तुमच्या ग्लासात चिमूट पडलेली असते.

आणि मग ते समोर उभे राहून तुमच्या तोंडाकडे बघतात.

“कडू आहे?”

“हो, जरा.”

“कडू की तुरट? नीट सांग. कडू असेल तर उकळीतले हॉप्स जास्त झाले. तुरट असेल तर मागून घातलेल्या हॉप्सचा पाला.”

“नाही” म्हणालात तर त्याहून वाईट. “नाही? म्हणजे चाळीसच उतरले!” आणि व्हाइटबोर्ड पुसला जातो.

परवा पुण्याहून वहिनींचे काका आले होते. मास्तरांनी ग्लास दिला, वही उघडली, चार रकाने आखले. काकांनी एका दमात अर्धा ग्लास रिकामा केला.

“काका, कडवटपणा?”

“मस्त!”

“मस्त म्हणजे किती? दहापैकी?”

“अरे, झकास आहे. आण अजून एक.”

मास्तरांचा चेहरा पडला. ‘परीक्षकाला मत नाही’ अशी त्यांनी वहीत नोंद केली. काकांनी तिसरा ग्लास मागितला, तेव्हा मास्तरांनी त्यांचा रकानाच खोडून टाकला.