झेलेन्स्कींचा सत्कार, फुलं बाहेरची

युक्रेनचा झेंडा वर निळा, खाली पिवळा. वर आभाळ आणि खाली पिकलेला गहू, असा त्याचा अर्थ सांगतात. औसा-निलंग्याकडच्या पन्नाशी ओलांडलेल्या शेतकऱ्याला तो दाखवला, तर गहू त्याला पटायचा नाही. त्याच्या डोळ्यांपुढे सूर्यफुलाचं रान उभं राहील. युक्रेननं राष्ट्राचं प्रतीक म्हणून मिरवलेलं हे फूल एके काळी आमच्याच शिवारात माना डोलवत होतं. १९९३-९४च्या सुमारास देशात २६ लाख हेक्टरांवर सूर्यफूल होतं, आता त्यातलं फार थोडं उरलंय. नेक्रोसिस रोग आला, पाखरांनी दाणे टिपले, बाहेरचं तेल स्वस्त पडू लागलं आणि सोयाबीननं उरलेलं रान घेतलं. लातूरचं गळीतधान्य संशोधन केंद्र मात्र निष्ठेनं सूर्यफुलाचे वाण काढत राहिलं. पीक गेलं, वाण आहेत.

मग मामला सरळ झाला. तेल युक्रेननं पाठवायचं, पोरं आम्ही. लातूर पॅटर्ननं डॉक्टर घडवायचा विडा उचलला, नांदेडच्या क्लासेसनीही मागे राहायचं नाही असं ठरवलं. ज्याचा फोटो ट्यूशन एरियातल्या फ्लेक्सवर लागतो, तो सरकारी कॉलेजात जातो. ज्यांचा लागत नाही, त्यांच्यातले काही डॉक्टर व्हायला युक्रेनमधल्या खारकीव्हला जायचे. त्यांचा फ्लेक्स कुणी लावत नाही.

२४ फेब्रुवारी २०२२ला रशियानं हल्ला केला आणि पारापारावर युक्रेनचा नकाशा तोंडपाठ झाला. सीमेकडे निघालेल्या मुलांनी बसला तिरंगा लावला. तो बघून नाक्यावरचे सैनिक वाट देत, असं मुलं सांगत होती. ‘ऑपरेशन गंगा’च्या विमानांतून ती उतरली, मंत्र्यांच्या हातून गुलाब मिळाले, फोटो निघाले. सप्टेंबरात सरकारनं सर्वोच्च न्यायालयात सांगितलं, की यांना इथल्या कॉलेजांत घेण्याची कायद्यात तरतूद नाही. मुलं आली, प्रवेशाचं घोडं काही गंगेत न्हालं नाही.

तेलाची सोय मात्र मे महिन्यातच झाली होती. सूर्यफूल आणि सोयाबीनचं कच्चं तेल, प्रत्येकी वर्षाला २० लाख टन, दोन वर्षं बिनशुल्क. परदेशी तेलाला प्रवेश देताना तरतूद आड आली नाही. २०२१च्या ऑगस्टात लातूरच्या आडतीत सोयाबीन दहा हजारांच्या घरात होतं. २०२४च्या हंगामात ४,८९२चा हमीभाव मिळवताना शेतकऱ्याची दमछाक झाली. भाव जगभर पडले होते, हे खरंच. पण शेतकऱ्याची फोडणी स्वस्त झाली म्हणून त्याचं बियाणं स्वस्त होत नाही.

राहिले युक्रेनचे राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्की. २०१५च्या मालिकेत ते इतिहासाचे मास्तर झाले होते. मास्तरांची भ्रष्टाचारावरची शिवीगाळ कुणीतरी चोरून रेकॉर्ड करतो, ती व्हायरल होते आणि मास्तर राष्ट्राध्यक्ष होतात. २०१९ला नट खरोखरच निवडून आला, पक्षाचं नावही मालिकेचंच. लातुरात मास्तर व्हायरल झाला, तर क्लासची दुसरी शाखा निघते. नाटक करून सत्तेत जाण्याचंही आम्हाला विशेष वाटत नाही; आमच्याकडे आधी निवडून येतात, नटणं नंतर सुरू होतं.

तरी त्यांनी एकदा लातूरला यावं. गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात, सत्काराला गर्दी कमी पडणार नाही. शाल, फेटा, सूर्यफुलांचा हार, सगळं होईल. २०२५-२६साठी सूर्यफुलाला क्विंटलमागे ७,७२१ रुपये हमीभावही जाहीर झालाय, तेही भाषणात येईल. फक्त आठ दिवस आधी कळवावं. हाराची फुलं बाहेरून मागवावी लागतील.