सेमकाका

"अरे, हे तर सेमच आहे!" असं म्हणत समोरच्याच्या हातातली वस्तू काढून घेणारे एक काका बहुतेक सोसायट्यांत असतात. नाशिकच्या इंदिरानगरातल्या एका तीन मजली सोसायटीतही आहेत. मुलं त्यांना सेमकाका म्हणतात. खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण कुरिअरवालासुद्धा आता ते वाचत नाही.

काकांच्या लेखी जगातल्या वस्तूंचे प्रकार दोनच: सेम आणि जवळजवळ सेम. कुकरची रिंग तीन लिटरची असो की पाच लिटरची, ताणली की सेम. अशीच एक रिंग त्यांनी पहिल्या मजल्यावरच्या वहिनींच्या कुकरला बसवून दिली. शिट्टी झाली नाही. डाळ मात्र ओट्यावर, खिडकीवर आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर आली. देवळातून परतताना एकदा काका एका पायात सात नंबरची आणि दुसऱ्यात नऊ नंबरची चप्पल घालून आले. दोन्ही काळ्या, दोन्ही अंगठ्याच्या. पुढे आठवडाभर त्याच वापरल्या. एका मंगल कार्यालयात वर-खाली दोन लग्नं होती. काकांनी खालच्या नवरीला आहेराचं पाकीट दिलं, तिथेच जेवले, मठ्ठा दोनदा मागून घेतला. त्यांचा भाचा वरच्या मजल्यावर बोहल्यावर उभा होता. "मांडव सेम होता," एवढाच खुलासा झाला.

काकूंची तक्रार याहून जुनी आहे. काका त्यांना बघायला गेले तेव्हा पोह्यांच्या बशा धाकट्या बहिणीने आणल्या होत्या. परतीच्या वाटेवर वडिलांनी विचारलं, मुलगी कोणती ते लक्षात आलं ना? काका म्हणाले, "दोघी सेमच आहेत." काकू हे आजही पाहुण्यांना सांगतात, आणि सांगताना काकांकडे बघत नाहीत.

अशा माणसाच्या हाती कुणी टॅब देऊ नये. पण साल 2020 होतं. मार्चच्या अखेरीस देश बंद झाला, जूनमध्ये शाळा मोबाईलवर भरू लागली आणि घरोघरी माळ्यावरून, कपाटांतून जुनी यंत्रं खाली उतरली. तिसऱ्या मजल्यावरच्या चौथीतल्या मुलासाठी असाच एक सात इंची टॅब निघाला. 2013 सालचा, पाच हजारांच्या आतला. आत ऑलविनरचा ए-13 प्रोसेसर आणि 512 एमबी रॅम. 2012च्या नोव्हेंबरमध्ये सरकारी थाटात आलेल्या ‘आकाश-2’मध्येही हाच प्रोसेसर होता. मुलाच्या टॅबमध्ये अँड्रॉइड 4.0 असल्याने वर्गाचं अॅप त्यात उतरेना. एम. जी. रोडवरची मोबाईलची दुकानं कधी उघडी, कधी बंद.

काकांनी टॅब उलटा-सुलटा करून पाहिला. नेटवर तसाच टॅब शोधला. तोच काळा काठ, तोच कॅमेरा, बटणं त्याच बाजूला. त्यासाठीचं अँड्रॉइड 4.2चं फर्मवेअर, म्हणजे आतलं मूळ सॉफ्टवेअर, मिळालं. यापुढे काका काय म्हणाले ते सांगायला नको.

आवाजाचं बटण दाबून धरायचं, केबल जोडायची, मग पॉवरचं बटण दहाएक वेळा दाबायचं. काकांनी हे विधीपूर्वक केलं. ‘फिनिक्ससूट’ नावाच्या प्रोग्रॅमने विचारलं, आतलं सगळं पुसू का? काकांनी ‘येस’ दाबलं. तेव्हा मुलाच्या आईने भीतभीत विचारलं, "आधीचं कुठे उतरवून ठेवलंय ना?" काका म्हणाले, "कशाला? सेमच तर टाकतोय!"

टॅब सुरू झाला. नवी चित्रं, नवं घड्याळ, रंग झकास. मुलाने बोट लावलं. काही नाही. काकांनी बोट लावलं. काही नाही. काकांनी चष्म्याच्या फडक्याने काच पुसली, वरचा प्लास्टिकचा पापुद्रा सोलला, टॅब हातात धरून जरा चोळला आणि निदान केलं, "गारठलाय." नाशकात त्या दिवशी उकाड्याने पंखे गरगरत होते.

मग ओटीजी केबल लावून त्यांनी जुन्या कॉम्प्युटरचा माऊस जोडला. पडद्यावर लगेच बाण आला, बाणाने सगळं चालू लागलं. म्हणजे टॅब जिवंत होता, फक्त बोटाला ओळख देत नव्हता. चौथीतलं पोर पुढचे दोन दिवस टॅबला माऊस जुंपून, औत हाकल्यासारखं, पाटावर बसून चित्रं बघत होतं.

अशा टॅबमध्ये चित्र दाखवणारा पडदा वेगळा आणि स्पर्श ओळखणारी काच वेगळी. काचेची स्वतःची चिप असते, तिच्याकडून एक पातळ पट्टी मुख्य बोर्डाकडे जाते. स्वस्त टॅब बांधणारे त्या-त्या वेळी जो माल परवडेल तो वापरत. खोका तोच, झाकण तेच, पण एका खेपेत गूडिक्सची चिप, दुसऱ्या खेपेत सिलीडची. चिप कोणती, ती कोणत्या पत्त्यावर भेटेल, डावी-उजवी बाजू कुठली, हे फर्मवेअरमधल्या ‘स्क्रिप्ट.बिन’ नावाच्या एका छोट्या फाईलमध्ये लिहिलेलं असतं. शिवाय सिलीडच्या चिपला स्वतःची आठवण नसते. दर वेळी टॅब चालू झाला की प्रोसेसरने तिचं सॉफ्टवेअर तिला नव्याने पढवायचं, तेही त्या काचेच्या मापाचं. दुसऱ्या काचेचं पढवलं तर ती भलतंच बरळते किंवा गप्प बसते.

काकांना हे दोन दिवस कळलं नाही. तिसऱ्या दिवशी कळलं, कारण त्यांनी ते आपल्या भाषेत आणलं. "अहो, राँग नंबर लागतोय!" रात्री अकराला ते जिन्यातून ओरडले. नवं फर्मवेअर गूडिक्सच्या चिपला 5डी या पत्त्यावर हाक मारत होतं. या टॅबमध्ये राहत होती सिलीडची, 40 या पत्त्यावर. रिंग जात होती, उचलायला कुणी नव्हतं.

काकांचा जन्म टेलिफोनमध्ये गेला. टेलिफोन खात्यात चिकटले, खात्याचं 2000 साली बीएसएनएल झालं, आणि 31 जानेवारी 2020ला सुमारे 78 हजार कर्मचाऱ्यांनी एकाच वेळी स्वेच्छानिवृत्ती घेतली त्यांत काकाही होते. पुढे दोन महिन्यांत टाळेबंदी. रोज एक्स्चेंजमध्ये जाणारा माणूस गॅलरीत बसून समोरच्या खांबावरच्या तारा मोजू लागला. लोकांच्या कुकरवर त्याची नजर गेली ती तेव्हापासून.

त्यांची सर्वांत आवडती गोष्ट सी-डॉटच्या एक्स्चेंजची. 1984 साली सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेची स्थापना झाली आणि पुढे खेडोपाडी छोटी डिजिटल एक्स्चेंजं बसली, त्यांना एसीसुद्धा लागत नसे. बिघाड झाला की काय करायचं? खराब कार्ड खाचेतून ओढायचं, तसंच चांगलं कार्ड सरकवायचं. "सिन्नरचं कार्ड कळवणला चालायचं," काका सांगतात. "डोळे मिटून!" हे सांगताना त्यांचा आवाज जरा उतरतो, आणि ऐकणाऱ्याच्या लक्षात येतं, की ज्या शब्दाची सोसायटी टर उडवते त्या शब्दावर या माणसाने पावसाळ्यातल्या मध्यरात्री गावंच्या गावं पुन्हा बोलती केली होती. बाहेरून सारखं ते आतूनही सारखं, हे खात्याने त्यांना शिकवलं होतं. पाच हजारांच्या टॅबवाल्यांनी शिकवलं नव्हतं.

तिसऱ्या रात्री त्यांनी टॅबचं झाकण उघडलं. कर्मचारी पतसंस्थेचं लॅमिनेट केलेलं जुनं सभासदकार्ड फटीत सरकवलं आणि कडेकडेने फिरवलं. बॅटरी बाजूला घेतली. भिंग लावून बोर्डावरचा नंबर वाचला, पट्टीवरचा नंबर वाचला, दोन्ही लाईटबिलाच्या पाठीमागे टिपले. नंबरावरून खरं, मूळचं 4.0चं फर्मवेअर शोधायला चार दिवस गेले. ते टाकलं आणि बोटाला पडदा हलला, पण उलटा! डावीकडे दाबलं की उजवीकडचं उघडे. मुलगा खूश होता, त्याला हाच खेळ वाटला. काका बसूनच राहिले. अखेर स्क्रिप्टच्या फाईलमध्ये आडवी बाजू उलटवणारी ओळ सापडली. तिथल्या शून्याचा एक केला. पहाटेचे दोन वाजले होते. सकाळी सातला त्यांनी तिसऱ्या मजल्याची बेल वाजवली, मास्क लावून, टॅब स्टीलच्या ताटात ठेवून.

वर्गाचं अॅप त्यात उतरलं नाही ते नाहीच. 4.0 परत आल्यावर ते उतरणार तरी कसं? वर्ग बाबांच्या फोनवर झाला. टॅबवर बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ उघडत, जरा वेळ घेऊन. एका ओळीच्या शून्यासाठी आठवडाभर जागलेल्या माणसाने पैसे घेतले नाहीत. मुलाच्या आईने दिलेला आमरस घेतला आणि वाटी परत करताना भलतीच वाटी दिली.

मुलगा आता मोठा झाला. टॅब त्यांच्याकडे अजून आहे. त्याच्या पाठीवर पारदर्शक चिकटपट्टीखाली लाईटबिलाचा एक तुकडा आहे. त्यावर बोर्डाचा नंबर, पट्टीचा नंबर आणि खाली काकांच्या ठसठशीत अक्षरात तीन शब्द: ‘हा सेम नाही.’