सोयरीक

इंटरनेटवर ओळख लपवणाऱ्या टॉरच्या जाळ्याची शिस्त कडक: वाटेतल्या तीन रिलेंपैकी कुणालाही पाठवणारा आणि मुक्काम, दोन्ही एकदम ठाऊक नसतात. सी भाषेतला त्याचा कोड मात्र वर्षानुवर्षं एकत्र कुटुंबासारखा नांदला. जवळजवळ प्रत्येक फाइलची दुसरीशी सोयरीक. २०१८ च्या सुमारास काही अरसिकांनी ‘लिब’, ‘कोअर’, ‘फीचर’, ‘ॲप’ अशा वेगळ्या चुली मांडल्या. इथे हात लावला की तिथे बिघडतं, ही त्यांची तक्रार. बिघडणारच, आपलेपणा दुसरा कसा कळणार? पुढे रस्ट भाषेत टॉरच ‘आर्टी’ या नावानं नव्यानं लिहायला घेतला, म्हणजे तर घरच सोडलं. त्यापेक्षा जाळ्याचाच नियम देखभालीला लावावा. प्रत्येक प्रोग्रामरला फक्त आधीचं आणि नंतरचं फंक्शन माहीत असावं, अख्खा प्रोग्राम कुणालाच कळू नये. अव्यवहार्य म्हणाल, तर बऱ्याच मुक्तस्रोत प्रकल्पांत हा नियम केव्हाच लागू आहे, तोही एन्क्रिप्शनशिवाय.