मुलाला आपल्याच स्टेटमध्ये कसं घालावं

ही मार्गदर्शिका अमेरिकेतल्या अशा मराठी आई-बाबांसाठी आहे, ज्यांचं मूल यंदा अकरावीत गेलंय आणि ज्यांना आपल्या स्टेटच्या सरकारी विद्यापीठाचं नाव चारचौघांत घेताना थोडं खाकरावं लागतं. लागणारं साहित्य: एक मूल, टॅक्स रिटर्न आणि स्वतःच्या तरुणपणाचा सोयीस्कर विसर.

विसर फार महत्त्वाचा. तुम्ही स्वतः व्हीजेटीआय, सीओईपी नाहीतर कराडच्या सरकारी कॉलेजात शिकलात, तिथे वर्षाच्या फीपेक्षा मेसचं बिल जास्त यायचं, आणि पुढे अमेरिकेतल्या कुठल्याशा 'स्टेट'नं टीएशिप दिली म्हणून विमानात बसलात, हे सगळं प्रक्रिया संपेपर्यंत आठवायचं नाही. आठवलं तर पहिली पायरीच गळून पडेल.

पहिली पायरी. रँकिंगची यादी उघडा आणि वरची वीस नावं वाचा. बहुतेक खासगी निघतील. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी राहण्या-जेवणासह वर्षाचा छापील खर्च आता 90 हजार डॉलरच्या आसपास गेलाय. त्याला चारने गुणा. रुपयांत करू नका. इतकी वर्षं झाली तरी हात तिकडे जातोच, म्हणून मुद्दाम सांगते.

आता आपल्या स्टेटकडे वळा. न्यू जर्सीत असाल तर रटगर्स. 2024-25 मध्ये न्यू ब्रन्सविकला स्टेटमधल्या मुलाची ट्यूशन आणि फी मिळून 18 हजारांच्या आत होती, बाहेरच्याची दुपटीच्या घरात. राहणं-जेवण वेगळं; पण एडिसनला घर असेल तर तेही तुमच्याच फ्रीजमधून निघतं. हे आकडे बघून घरात जे वाक्य उच्चारलं जाईल ते असं: "अगं पण रटगर्स काय, तिथे सगळेच जातात."

बरोबर आहे. मिल्टन फ्रीडमनसुद्धा गेला. पोरगा राहवेचा, म्हणजे एडिसनहून न्यूयॉर्कच्या गाडीत बसलात तर वाटेत लागतं ते गाव. शिष्यवृत्तीवर रटगर्सला गेला, 1932 मध्ये पदवीधर झाला, पुढे अर्थशास्त्राचं नोबेल घेतलं. हे कॉलेज 1766 मधलं, म्हणजे अमेरिका नावाचा देश स्वतंत्र व्हायच्या आधीचं. टीबीवरचं स्ट्रेप्टोमायसिन 1943 मध्ये इथल्याच शेतकी विभागातल्या प्रयोगशाळेत, मातीतल्या जंतूंमधून निघालं. काम अल्बर्ट शॅट्झ नावाच्या विद्यार्थ्याच्या हातून झालं आणि 1952 चं नोबेल एकट्या गाईडला, सेलमन वॅक्समनला मिळालं. पीएचडी केलेल्या वाचकांना ही पद्धत समजावून सांगायची गरज नाही.

कॅम्पस बघायला जायचं तर ठरवलेल्या टूरवर भरवसा ठेवू नका. टूरमध्ये उलटं चालत बोलणारी मुलगी असते आणि प्रत्येक इमारतीला एक दंतकथा असते. त्याऐवजी सेमिस्टर चालू असताना मधल्याच एखाद्या दिवशी सकाळी कॉलेज अ‍ॅव्हेन्यूवरून लिव्हिंग्स्टनला जाणारी एलएक्स बस पकडा. रटगर्सचे कॅम्पस रॅरिटन नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेले, त्यामुळे एक तास इकडे तर पुढचा तिकडे. बसमध्ये पाठीवरची सॅक पोटावर घेतलेली मुलं, एका हातात फोन, दुसऱ्या हातात कॉफी, दांडा धरायला हातच शिल्लक नाही. वळणावर सगळे एकदम कलतात आणि कुणी मान वर करत नाही. आपलं लेकरू यात उभं राहील का ते बघा. तुम्ही दादरला उभे राहिला होतात, पण ते आठवायचं नाही असं ठरलंय.

दुसरी पायरी म्हणजे आपण 'इन-स्टेट' आहोत का हे तपासणं. बहुतेक स्टेट्सना किमान बारा महिन्यांचं वास्तव्य लागतं, आणि तेही नुसतं शिकण्यासाठी येऊन राहिलेलं चालत नाही. कॉलेज उघडायच्या दोन महिने आधी मामाच्या पत्त्यावर ड्रायव्हिंग लायसन्स काढायची कल्पना प्रत्येक मराठी घरात एकदा तरी निघते. विद्यापीठातल्या बाईंनी मामा खूप बघितलेले असतात. एच-4 वर असलेल्या मुलांच्या आई-बाबांनी मात्र इथे थट्टा बाजूला ठेवावी. या मुलांना फेडरल मदत मिळत नाही, इन-स्टेट फीचे नियम स्टेटगणिक वेगळे आहेत, आणि ग्रीन कार्डच्या रांगेत असतानाच मूल एकवीस वर्षांचं झालं तर त्याला व्हिसा बदलावा लागतो आणि फीचा वर्गही बदलू शकतो. अर्ज भरण्याआधी हे विद्यापीठाला लेखी विचारा. शेजारच्यांच्या मुलीला काय झालं यावरून अंदाज बांधू नका. शेजारचे नेब्रास्काहून आलेत.

तिसरी पायरी: पैशांचे अर्ज. ही खरं तर पहिल्या पायरीच्याही आधी यायला हवी होती, कारण फेडरल मदतीचा अर्ज, म्हणजे फाफ्सा, दोन वर्षं मागचं उत्पन्न बघतो. मूल दहावीत असतानाच्या जानेवारीपासून जे कॅलेंडर वर्ष सुरू झालं, तेच धरतात. तुमच्या बाबतीत ते वर्ष गेलं किंवा जाण्याच्या बेतात आहे. ज्यांचं मूल नववीत आहे त्यांनी हा परिच्छेद कापून ठेवावा.

फाफ्सामध्ये राहतं घर धरत नाहीत, रिटायरमेंट खातं धरत नाहीत. पण बाणेरला घेतलेला टू-बीएचके धरतात. तो गुंतवणूक म्हणून लिहावा लागतो, मग त्यात सध्या तुमचे सासरे राहत असोत नाहीतर कबुतरं. 2011 पासून फेडरल मदत घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजला वेबसाइटवर 'नेट प्राइस कॅल्क्युलेटर' ठेवणं कायद्यानं सक्तीचं आहे. त्यात स्वतःचे खरे आकडे घाला आणि काय येतं ते बघा. कधीकधी एखादं श्रीमंत खासगी कॉलेज कमी उत्पन्नाच्या घराला स्टेटपेक्षा स्वस्त पडतं. दोघांच्याही नोकऱ्या आयटीत असतील तर तशी शक्यता धरू नका.

टेक्ससवाल्यांसाठी वेगळी सूचना. तिथे 1997 पासून कायदा आहे: शाळेत वरच्या दहा टक्क्यांत आलात की सरकारी विद्यापीठात प्रवेश आपोआप. ऑस्टिनला मात्र गर्दीपायी ही रेषा सहा टक्क्यांवर आली होती आणि 2026 च्या प्रवेशापासून पाचवर आली. आपले लोक इथे एक गोष्ट हमखास विसरतात: प्रवेश आपोआप होतो, हव्या त्या शाखेत होत नाही. कॉम्प्युटर सायन्सच्या दारात वेगळा पहारा आहे. मुलगी वरच्या पाच टक्क्यांत आली म्हणून पेढे वाटलेत, तर वाटताना शाखा सांगू नका.

जॉर्जियात होप शिष्यवृत्ती 1993 पासून आहे आणि ती लॉटरीच्या पैशांवर चालते. लॉटरीला शिवायचं नाही असं घरी शिकलेल्यांची इथे थोडी पंचाईत होते, पण फी भरताना संस्कार आड येत नाहीत असा अनुभव आहे. मार्क टिकवावे मात्र लागतात.

कॅलिफोर्नियाबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण तिथे सगळ्यात शहाणी वाट आहे आणि तिचं नाव सगळ्यात हळू आवाजात घेतलं जातं: कम्युनिटी कॉलेज. दोन वर्षं तिथे, मग युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात बदली. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ हे सहा कॅम्पस अटी पूर्ण केल्या तर जागेची हमीही लिहून देतात. बर्कले आणि लॉस एंजेलिस हमी देत नाहीत, पण तिथेही कम्युनिटी कॉलेजातून दरवर्षी पुष्कळ मुलं जातात. शेवटी पदवीवर नाव विद्यापीठाचंच. घरच्या जेवणावर, जुन्या टोयोटात, जवळजवळ निम्म्या पैशांत. मंडळात कुणी विचारलंच तर "सध्या घरूनच करतोय" एवढं म्हणा. निम्म्यांना ते ऑनलाइन वाटेल आणि बाकीचे आपल्या मुलाकडे वळतील.

उरली शेवटची पायरी, डिपॉझिट भरणं. बहुतेक ठिकाणी शेवटची तारीख 1 मे असते. म्हणजे महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमाला तुम्ही जाल तेव्हा हॉलमधल्या प्रत्येक बारावीवाल्याचा निकाल लागलेला असेल, आणि मसालेभाताच्या रांगेत पुढचा माणूस मागे वळून विचारणारच. खाकरू नका. विद्यापीठाचं नाव पूर्ण सांगा, स्टेटसकट. वर "कर्ज किती घेतलंत?" असं त्यालाच विचारा आणि डाव तुमच्याकडे घ्या. घरी गेल्यावर डॉर्मचा अर्ज त्याच रात्री भरा. उशीर केलात तर कॅम्पसच्या लांबच्या टोकाची खोली मिळेल आणि बस ठरलेली आहे.